गोवळकोंडा खालून वर

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या हैदराबादच्या घरी पाहुण्यांची ये-जा सुरू होते. पुण्याची मावशी, नांदेडचे मेहुणे, कधी ओळखीच्या ओळखीतून फोन करून आलेलं एखादं कुटुंब. बहुतेकांच्या मोठ्या फेरीतला हा एक थांबा असतो. विजापूर झालेलं असतं, हंपी झालेली असते, पुढे वेरूळ-अजिंठा बाकी असतं. ही दख्खनची फेरी करायला महाराष्ट्राने २००४ साली ‘डेक्कन ओडिसी’ नावाची आलिशान गाडीही सुरू केली. आमच्या पठारावर समुद्र नाही, पण त्या गाडीचा न्याय क्रूझचाच. जहाज बंदराला लागावं तशी ती सकाळी स्टेशनाला लागते, लोक उतरतात, गाव पाहतात आणि रात्री आपल्याच डब्यातल्या आपल्याच बिछान्यावर परततात.

गाडी आलिशान असो की टूरवाल्यांची बस, अडचण एकच. हाताशी असतो एक दिवस. त्यात चारमिनार, सालारजंग, बिर्याणी, मोत्यांची खरेदी, आणि गोवळकोंड्याला उरतात दोन तास. मग लोक तिकीट काढून धापा टाकत वर चढतात, वाऱ्यावर दोन फोटो काढतात आणि उतरतात. खाली आल्यावर विचारलं, काय पाहिलंत, तर सांगतात, “वरून सगळं शहर दिसतं.” मला याचं वाईट वाटतं. शहर तर कुठल्याही उंच इमारतीवरून दिसतं. गोवळकोंड्यात पाहायचं आहे ते तटबंदीच्या आत हजारो माणसांचं गाव कसं चालत होतं, ते. आणि ते खालून वर जातानाच कळतं.

म्हणून माझ्या हातात असतं तेव्हा मी पाहुण्यांचा दिवस असा लावतो: सकाळी गोवळकोंडा, बाहेरच्या वेशीपासून माथ्यापर्यंत, निवांत. दुपारी जेवण आणि विश्रांती. ऊन कललं की चारमिनार आणि जुनं शहर. ही दोन ठिकाणं टूरच्या कागदावर वेगवेगळ्या ओळींत छापलेली असतात, पण गोष्ट एकच आहे. गोवळकोंड्याला तट होता, पण पाणी पुरेना. हैदराबादला पाणी होतं, पण तट नव्हता. एका गावातून दुसरं का निघालं, आणि दुसऱ्यालाही शेवटी तट का घालावा लागला, हे एकदा लक्षात आलं की दिवसभरातला एकेक दगड जागेवर बसतो.

शरद ऋतू यासाठी फार चांगला. पावसाने ग्रॅनाइटचे धोंडे धुऊन निघालेले असतात, उन्हाळ्यातली धूळ खाली बसलेली असते आणि माथ्यावरून नजर लांब जाते. नवरात्राच्या दिवसांत आलात तर तेलंगणातला बतुकम्मा पाहायला मिळेल. बायका ताटात फुलांचे थरावर थर रचून निमुळता मनोरा करतात आणि त्याभोवती फेर धरतात. त्यातलं पिवळं फूल आपल्या माळावरचा तरवड, आणि पांढरट-गुलाबी तुरे म्हणजे कुरडू. मावशी पहिल्यांदा हे पाहून म्हणाली, “अगं बाई, हा तर आपला भोंडला!” दिवस तेच, फेरही तसाच, मध्ये हत्तीऐवजी फुलं. फक्त ऑक्टोबरचं दुपारचं ऊन कडक असतं, तेव्हा किल्ल्यावर नऊच्या सुमारास पोचायला हवं.

रिक्षा थेट तिकीटखिडकीशी नेऊ देऊ नका. रिक्षावाला “अंदर तक छोडतौं” म्हणेल. त्याला “नक्को” म्हणा. हा शब्द दखनीने आपल्याकडूनच घेतलाय, त्याला लगेच कळतो. फतेह दरवाजाच्या बाहेर उतरा. तिकिटाचा किल्ला म्हणजे आतला भाग. त्याच्या सभोवती जो अफाट बाहेरचा तट आहे, सत्त्याऐंशी बुरुजांचा आणि आठ दरवाजांचा, तो मूळ गावाचा परकोट. त्याच्या आत आजही लोक राहतात, शाळा भरतात, दुकानं चालतात. कुतुबशाहीच्या काळात हे राजधानीचं शहर होतं. त्याआधी इथे मातीचा किल्ला होता, काकतीयांच्या काळातला. गोवळकोंडा हे नावही तेलुगूतलं: गोल्ला म्हणजे गवळी किंवा धनगर, कोंडा म्हणजे डोंगर. हा किल्ला बहामनी सुलतानाकडे १३६३ साली गेला, आणि १५१८ मध्ये सुलतान कुली इथून स्वतंत्रपणे राज्य करू लागला. मातीचे तट दगडी झाले ते त्याच्या आणि त्याच्यानंतरच्या दोन राजांच्या काळात.

आता दरवाजा पाहा. आपल्याला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा माहीत आहे. कवाडावरचे अणकुचीदार खिळे कशासाठी, हे तिथे प्रत्येक शाळेच्या सहलीत सांगतात. इथेही तेच खिळे आहेत, हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर. पण खिळे हा शेवटचा उपाय. खरी करामत रस्त्याच्या वळणात आहे. हत्तीला दरवाजा फोडायचा तर धाव लागते, आणि दरवाजासमोर सरळ मोकळी जागाच ठेवलेली नाही. आपल्या भुईकोटांत याला जिभी म्हणतात: दरवाजासमोर आडवी घातलेली भिंत. तिला वळसा घालून आत यायचं, म्हणजे धाव मोडते, गर्दी अडते, आणि वरून गोळ्या, दगड, उकळतं तेल टाकायला वेळ मिळतो. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना याच विचारातून आलेली आहे. फरक एवढाच, की रायगडाला कडा होता; इथे सपाटीवर तोच परिणाम भिंतीने साधायचा होता.

बुरूज अर्धगोल का, हाही प्रश्न मुलं हमखास विचारतात. सरळ भिंतीच्या पायथ्याशी माणूस चिकटून उभा राहिला तर वरच्या सैनिकाला तो दिसत नाही; बघायला वाकला तर स्वतः उघडा पडतो. बुरूज भिंतीच्या बाहेर पोटासारखा पुढे आलेला असतो, त्यामुळे त्यावरून दोन्ही बाजूंच्या भिंतीचा पायथा आडवा दिसतो. शेजारच्या दोन बुरुजांचे मारे एकमेकांना छेदतात आणि मधला भाग मोकळा राहत नाही. शिवाय गोल पृष्ठभागावर तोफेचा गोळा तिरका लागतो, घसरतो. कोपरा असता तर तो फुटला असता.

पण तट एकदा बांधला की संपलं असं नसतं. शाहजादा औरंगजेबाने १६५६ साली गोवळकोंड्याला वेढा घातला तेव्हा ईशान्येला तटाबाहेर असलेली एक टेकडी शत्रूच्या कामाची ठरू शकते, हे उघड झालं. उंचावर तोफ चढली की तटाची उंची निरुपयोगी होते. तो वेढा शहाजहानच्या हुकुमाने उठला. नंतर सुलतान अब्दुल्ला कुतुबशहाने ती टेकडीच तटाच्या आत घेतली. त्या वाढवलेल्या भागाला आजही नया किला म्हणतात. तिथे एक प्रचंड गोरखचिंच आहे, खोड असं फुगलेलं, की लोक त्याला ‘हत्तियां का झाड’ म्हणतात. वेळ असेल तर जरूर पाहा. टूरच्या बसा तिकडे वळत नाहीत.

ही डागडुजी किती पक्की होती, ते १६८७ मध्ये कळलं. बादशहा झालेला औरंगजेब जानेवारीच्या अखेरीस स्वतः येऊन बसला, आणि किल्ला पडला सप्टेंबरात. जवळजवळ आठ महिने. मध्ये पावसाळा, दुष्काळ, छावणीत रोगराई. जूनमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले आणि दारू ठासली. आतल्या लोकांना खणण्याचा सुगावा लागला. त्यांनी आतून उलट भुयार खणून काही दारू काढून घेतली, उरलेल्या दारूत आपल्या बाजूने पाणी ओतलं. बत्ती दिल्यावर स्फोट झाला तो मोगलांच्याच बाजूला, आणि त्यांचीच माणसं दगडांखाली गाडली गेली. याच वेढ्यात किलीच खान नावाचा मोगल सरदार गोळा लागून जखमी झाला आणि मेला. नाव लक्षात ठेवा, संध्याकाळी पुन्हा लागेल.

अखेर तट फुटला नाही, तो उघडला गेला. अब्दुल्ला खान पन्नी नावाच्या अफगाण सरदाराने पैशाच्या मोहाने रात्रीच्या शेवटच्या प्रहरी एक खिडकी, म्हणजे आपल्या भाषेत दिंडी, आतून काढली. शेवटपर्यंत लढला तो अब्दुल रझाक लारी. त्याच्या अंगावर सत्तरच्या वर जखमा होत्या असं इतिहासात नोंदलंय, आणि तरी तो वाचला. शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा कैद होऊन दौलताबादला गेला, तिथेच मेला. त्याची कबर खुलताबादला आहे. तुमची फेरी पुढे वेरूळला जाणार असेल तर ती वाटेवरच आहे.

आता तिकीट काढून आत. या दरवाजाला बालाहिसार दरवाजा म्हणतात. बाला म्हणजे वरचा, हिसार म्हणजे कोट. आपला ‘बालेकिल्ला’ याच घराण्यातला शब्द. समोर पुन्हा तीच आडवी भिंत. कमानीवर चुन्यातले मोर आणि सिंह आहेत, ते पाहायला कुणी थांबत नाही, कारण पुढच्या घुमटाखाली टाळ्यांचा कल्लोळ चाललेला असतो.

ती टाळी नीट समजून घेण्यासारखी आहे. दरवाजाच्या आत देवडीवरच्या घुमटाखाली ठरावीक जागी उभं राहून टाळी वाजवली, तर माथ्यावरच्या बारादरीत, सुमारे शंभर-सव्वाशे मीटर उंचीवर, ती ऐकू येते. दोन पावलं बाजूला सरकून वाजवा, आवाज बसलेला वाटतो. घुमटाची आतली बाजू गुळगुळीत नाही, हिऱ्यासारखे पैलू पाडलेली आहे. खालून निघालेला आवाज त्या पैलूंवर आपटून एकवटतो आणि बाहेरच्या मोकळ्या बाजूने वर जातो. माथा तिथून थेट समोर, वरच्या अंगाला आहे, आवाजाच्या वाटेत काही आड येत नाही. आणि टाळीच का, हाक का नाही? टाळी एका क्षणात निघते आणि संपते. तिचा पडसाद मागून आला तरी त्याने काही बिघडत नाही. बोलण्यात एका अक्षराचा पडसाद पुढच्या अक्षरावर येऊन पडतो आणि सगळं कालवलं जातं. म्हणून इथून निरोप जात नसे, खूण जात असे: कुणी आलंय, किंवा धोका आहे, एवढीच. सुट्टीच्या दिवशी दहानंतर शंभर माणसं एकदम टाळ्या पिटतात आणि वर कुणालाच काही कळत नाही. सकाळी लवकर जा, घरातलं एक माणूस आधी वर पाठवा, मग वाजवा. मेहुण्यांचा धाकटा मुलगा वर गेला होता. त्याने वरून रुमाल हलवला तेव्हा खालच्या सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

इथून पुढे साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. बहुतेक लोक त्या मोजत चढतात. मी म्हणतो, पायऱ्या मोजू नका, पाणी शोधा.

चढताना भिंतींकडे लक्ष ठेवलं तर तुटलेल्या बांधकामातून मातीच्या नळाची तोंडं डोकावताना दिसतात. कुंभाराच्या चाकावरचा, भाजलेल्या मातीचा नळ. संभाजीनगरच्या नहर-ए-अंबरीच्या संदर्भात ‘खापरी नळ’ हा शब्द ज्यांनी ऐकलाय त्यांना तो लगेच ओळखू येईल. एका नळाचं टोक निमुळतं, दुसऱ्याचं तोंड रुंद. एकात एक बसवायचं आणि सांधा चुन्याने बुजवायचा. पण पाण्याचा दाब आला तर खापर फुटेल. माती दाबली तर सोसते, ताणली तर तडकते. त्यावर उपाय म्हणून नळाभोवती चुना आणि दगड भरून तो भिंतीतच गाडून टाकला. आत पाणी बाहेर ढकलतं, बाहेरून बांधकाम आवळून धरतं. हा तुकडा जवळून पाहा, शक्य असेल तर कडेवरून बोट फिरवा. आत अजून चुन्याचा खरखरीत थर लागतो. राजवाड्याच्या सगळ्या कमानी एका बाजूला आणि हा हातभर नळ एका बाजूला ठेवला, तर मी नळ निवडीन.

पाणी यायचं दुर्गम चेरुवूतून. चेरुवू म्हणजे तलाव. आज त्याच्यावर हायटेक सिटीचा केबलचा पूल आहे आणि संध्याकाळी दिव्यांची रोषणाई पाहायला तरुण मंडळी जमतात. त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की हेच पाणी काही कोस उतारावरून वाहत गोवळकोंड्याच्या पायथ्याशी पोचत असे. तिथपर्यंत काम उताराने केलं. पुढे चढ. पाणी आपण होऊन चढत नाही, त्याला उचलावं लागतं, आणि उचलायला होते बैल.

त्यासाठी रहाट. बैल एका आडव्या चाकाभोवती फिरतो. त्या चाकाच्या लाकडी दात्यांत दुसऱ्या उभ्या चाकाचे दाते अडकलेले असतात. उभ्या चाकावरून गाडग्यांची माळ विहिरीत सोडलेली. बैल फिरला की माळ फिरते, भरलेली गाडगी वर येतात, पन्हळीत रिकामी होतात आणि उलटी होऊन परत खाली जातात. आपल्याकडे जुन्या बागायतीत हे रहाटगाडगं असे. पण डोंगराएवढी माळ एकाच रहाटाला लावता येत नाही. भरलेल्या गाडग्यांचं आणि दोराचं वजनच एवढं होईल की बैलाला हलवता येणार नाही. म्हणून टप्पे केले. पहिल्या रहाटाने पाणी पहिल्या हौदात, तिथून दुसऱ्या रहाटाने वरच्या हौदात, असं माथ्याकडे. एकदा ते सगळ्यात वर पोचलं की मग खापरी नळांतून उताराने खाली महालांत, हमामात, बागांत, कारंज्यांत. वाटेतले कोरडे हौद आता झुडपांनी भरलेत. पण एक हौद सापडला की तिथे उभं राहून वर आणि खाली बघा. पुढचा कुठे असेल, ते आपणच सांगू लागतो.

आता जरा विचार करा. चढवलेल्या पाण्याच्या प्रत्येक घागरीमागे बैलांची फेरी, बैलांमागे चारा, चारा कोटाच्या आत साठवलेला. गाव लहान होतं तोवर हे जमलं. हिऱ्यांच्या व्यापाराने गाव फुगलं, सरदार आले, इराणातून विद्वान आले, बाजार वाढला. तट मात्र तेवढाच. तलाव तोच, बैल तेवढेच. गर्दी आणि पाण्याची टंचाई, ही दोन कारणं इतिहासकार देतात हैदराबादच्या जन्माची. वर पोचण्याआधीच, या हौदांपाशी, ती दिसू लागतात.

माथ्याकडे जाताना अंबरखाना लागतो, म्हणजे धान्यकोठार, आणि एक अंधारी कोठडी, जिला रामदासांचा बंदिखाना म्हणतात. आपली मंडळी इथे हात जोडतात ते समर्थ समजून. हे रामदास वेगळे: कंचर्ला गोपन्ना, भद्राचलमचे तहसीलदार. सरकारी वसुलाच्या पैशातून रामाचं देऊळ बांधलं म्हणून कैद झाले, आणि तेलुगूत रामाची पदं रचून भक्त रामदासू झाले. आपल्याकडे दामाजीपंतांनी सरकारी कोठार उघडलं होतं, त्या वळणाचीच ही कथा. हात जोडायला काही हरकत नाही. थोडं वर महांकालीचं देऊळ आहे. आषाढात शहरभर होणाऱ्या बोनालू उत्सवाची सुरुवात गोवळकोंड्यापासून होते.

मग बारादरी. वारा. पूर्वेला, हवा स्वच्छ असेल तर, घरांच्या पसाऱ्यात चार बारीक काड्या उभ्या दिसतात. ते चारमिनार. उत्तरेला कुतुबशाही घुमट, पश्चिमेकडे काचेच्या इमारती. इथे बसा आणि पाणी प्या. इथून त्या चार काड्यांपर्यंत राजधानी कशी सरकली, ती गोष्ट आता सांगता येते.

मधे मुसी नदी आहे. इब्राहिम कुतुबशहाने १५७८ साली तिच्यावर पूल बांधला, जो आज पुराना पूल म्हणून ओळखला जातो. पलीकडे जायची सोय झाली, लोक पलीकडे वस्ती करू लागले. त्याचा मुलगा मुहम्मद कुली याने १५९१ मध्ये नदीच्या दक्षिणेला नवं शहर वसवलं. आखणीत त्याचा पेशवा मीर मोमिन अस्तराबादी याचा मोठा वाटा होता. होय, पेशवा, हे पद दख्खनच्या सुलतानांकडे आपल्या आधीपासून होतं. मध्यभागी चारमिनार, त्यातून चार दिशांना चार रस्ते, उत्तरेला चार कमानी आणि त्यांच्या मधोमध हौद. नदी हाताशी, तलाव हाताशी, जमीन सपाट, बैलांवर अवलंबून काही नाही. तट घातलाच नाही. संकट आलं तर गोवळकोंड्यात जायचं, असा हिशेब होता.

दुपारी चारच्या सुमारास आपण चारमिनारला पोचतो, आणि मराठी पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: महाराज कोणत्या दरवाजाने आले? शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाच्या वाटेवर १६७७ साली भागानगरात, म्हणजे याच हैदराबादेत, आले, तानाशहाला भेटले, सुमारे महिनाभर राहिले. तानाशहाच्या राज्याचा कारभार तेव्हा मादण्णापंतांच्या हातात होता. सभासदाच्या बखरीत या भेटीचं वर्णन आहे. उत्तर असं, की दरवाजाच नव्हता. महाराज आले तेव्हा या शहराला वेसच नव्हती, चारही बाजूंनी ते उघडं होतं. हे ऐकून पाहुणे क्षणभर हिरमुसतात. पण त्या भेटीतला विश्वास केवढा होता, ते यातून मला जास्त जाणवतं. उघड्या शहराच्या राजाने एवढी फौज आपल्या दाराशी येऊ दिली, आणि त्या फौजेने शहराला हात लावला नाही.

मोगलांनी लावला. १६५६ मध्ये एकदा शहर लुटलं गेलं, अब्दुल्ला कुतुबशहा गोवळकोंड्याला पळाला. १६८५ मध्ये पुन्हा तेच, आणि तानाशहा पळाला. राजाला पळायला किल्ला होता, रयतेला नव्हता.

शहराला तट आला तो कुतुबशाही बुडाल्यावर. मोगल सुभेदार मुबारिझ खानाने हैदराबादभोवती तट घालायला घेतला. तो पुरा होण्याआधी, ऑक्टोबर १७२४ मध्ये, निजामुल्मुल्काशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. ती लढाई झाली आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला. तिथून निजामाची हैदराबादवरची सत्ता सुरू झाली आणि अर्धा राहिलेला तट त्याने १७४० पर्यंत पुरा केला. निजामुल्मुल्क कोण? वेढ्यात मेलेल्या किलीच खानाचा नातू. आजोबा ज्या कोटावर डोकं आपटून मेले, त्याच्या शेजारच्या शहराला नातवाने कोट घातला. आणि ते दिवस मराठ्यांच्या चौथाईचे होते, हे वेगळं सांगायला नको.

या तटाला तेरा दरवाजे होते. आता शोधायला गेलात तर दोनच सापडतात: दबीरपुरा आणि पुराना पूल. बाकीचे पत्त्यांत राहिलेत. लाल दरवाजा, गौलीपुरा, याकुतपुरा, अलियाबाद. रिक्षावाल्याला “लाल दरवाजा” म्हटलं की तो बरोबर नेतो, आणि तिथे दरवाजा नसतो.

तट गेला कसा? शत्रूने पाडला नाही. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला पूर आला. ज्या नदीसाठी गाव इथे आलं होतं, ती पात्र सोडून शहरात घुसली. नदीकाठचा तट ठिकठिकाणी कोसळला, पूल वाहून गेले, हजारो माणसं गेली. सर्वांत जुना पुराना पूल मात्र टिकला. पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं, आणि त्यांच्या योजनेतून वरच्या अंगाला उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं झाली. पूर अडला, शहराला प्यायचं पाणी मिळालं. उरलेला तट नंतर रस्ते रुंद करताना हळूहळू उतरवला गेला.

शेवटी मी पाहुण्यांना अफझलगंजला नेतो, उस्मानिया इस्पितळाच्या आवारात. तिथे एक जुनी चिंच आहे. त्या पुरात दीडशेच्या आसपास माणसं तिच्या फांद्यांवर चढून बसली आणि वाचली. संध्याकाळी तिच्याखाली रुग्णांचे नातेवाईक डबे उघडून बसलेले असतात. कुणी उगाच बोलत नाही. मेहुण्यांनी मागच्या वर्षी खोडाला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

तिथून बसस्टँड चालत जाण्याजोगा आहे. मुसीच्या पात्रातच, दोन प्रवाहांच्या मधल्या बेटावर. जुनी माणसं त्याला इमलीबन म्हणतात, म्हणजे चिंचबन. नांदेडची गाडी तिथूनच सुटते.